हात थरथरतो तो चहाने की मॅचने?

शूटिंग रेंजवर कोणाचा शॉट दहाऐवजी आठात गेला की मागून पहिला प्रश्न ठरलेला, सकाळी चहा किती घेतलास रे? मग ते पोर पुढच्या मॅचला चहा बंद करून येतं, हात तरी थरथरतोच आणि वर डोकं पण दुखतं. मी एअर पिस्तूल मारतो आणि दोन सीझन हाच गाढवपणा केलाय म्हणून लिहितोय. कॅफिनची थरथर आणि टेन्शनची थरथर, दोन्ही बघायला सारख्याच, त्यामुळे शिव्या नेहमी चहाला पडतात, बिचारा चहा काही उलट बोलत नाही.

गावच्या जत्रेतल्या नाटकात कधी काम केलं असेल तर हे लगेच कळेल. तालमी रात्री देवळाच्या मंडपात, किटलीतून चहा फिरतच असतो, एकेकाचे चार-पाच कप सहज होतात आणि कोणाचा हात हलत नाही. नाटकाच्या रात्री तोच माणूस पहिल्या एन्ट्रीला तलवार धरून असा थरथरतो की पुढच्या रांगेतली पोरं हसतात, आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत तोच एकदम राजासारखा वावरतो. चहा तेवढाच होता ना? मग हललं काय?

तर मुळात हात सगळ्यांचाच हलतो, सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा, अगदी बारीक, एरवी दिसत पण नाही. मॅचच्या टेन्शनने ॲड्रेनलिन सुटतं, ते स्नायूंमधल्या आणि हृदयातल्या बीटा रिसेप्टर नावाच्या जागांवर जाऊन बसतं आणि तीच बारीक थरथर मोठी होते, सोबत धडधड, तोंडाला कोरड, तळहाताला घाम. म्हणून तर त्याच जागा अडवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या शूटिंगमध्ये बॅन आहेत, नुसत्या मॅचच्या दिवशी नाही तर वर्षभर. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची पिस्तुलातली दोन मेडल्स प्रोप्रॅनोलॉल हा तसलाच बीटा ब्लॉकर सापडला म्हणून काढून घेतली होती.

कॅफिनचं काम दुसऱ्या दारातून. मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन साठत जातं आणि ते झोप आणतं, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी. जास्त झालं तर ते पण थोडं ॲड्रेनलिन सोडायला लावतं आणि हात हलतो, पण हे जास्त करून ज्याला सवय नाही त्याला किंवा ज्याने एकदम मोठा डोस मारला त्याला. रोज दोन कप पिणाऱ्याचं शरीर त्या दोन कपांना सरावलेलं असतं.

ओळखायचं कसं? घड्याळ बघा. कॅफिन रक्तात चढायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि अर्धं उतरायला साधारण पाच तास, म्हणजे आठला घेतलेली कडक कॉफी दुपारी एकला पण निम्मी आत असते. तिची थरथर असेल तर साईटरला, म्हणजे मॅचआधीच्या सरावाच्या शॉटला असेल, दुसऱ्या सीरीजला (दहा शॉटची एक सीरीज) असेल, शेवटच्या शॉटला पण असेल, आणि घरी ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव, केलं तरी असेल. टेन्शनची अशी सपाट नसते. ती 15 मिनिटांच्या तयारीत वाढत जाते, पहिल्या मॅच शॉटला डोक्यावर बसते, दोन-तीन दहा लागले की उतरते आणि शेवटचे पाच शॉट राहिले, स्कोर बरा चाललाय हे कळलं की परत येते. स्कोर बघून येणारी थरथर चहाची कशी असेल?

रायफलवाल्यांसाठी अजून एक. नळी ठोक्याच्या लयीत हलत असेल, सेकंदाला एक-दीड वेळा, तर ती नाडी आहे, प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारताना, स्लिंग (हाताला अडकवलेला रायफलचा पट्टा) घट्ट असला की जास्तच दिसते. ती आणि हाताची बारीक थरथर यात पण लोक गल्लत करतात.

यावरून स्वप्नील कुसाळे आठवतो, आपला कोल्हापूरचा. पॅरिसला 1 ऑगस्ट 2024 ला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं त्या दिवशी पोटात काही नव्हतं, नुसता काळा चहा घेऊन आला होता, आणि हृदय वेगळंच धडधडत होतं म्हणून श्वासावर लक्ष ठेवलं, असं त्यानेच नंतर सांगितलं. ऑलिम्पिक फायनलची धडधड होती ती, कपभर चहाची नव्हे.

आता चहा सोडण्याचा घोळ. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केला की 12 ते 24 तासांत डोकं धरायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, सोबत सुस्ती, चिडचिड, लक्ष न लागणं. हिशोब करा, आदल्या दिवशी पाचला शेवटचा कप आणि मॅच सकाळी दहाला, म्हणजे 17 तास, बरोब्बर त्या खड्ड्यात. मी म्हापशाहून गाडी चालवत गेलो तेव्हाच कपाळ ठणकत होतं, साईट धुरकट वाटत होती आणि मी समजत होतो की वा, आज शरीर एकदम शुद्ध आहे. चौथ्या सीरीजला दोन आठ आणि एक सात. सोडायचाच असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून हळूहळू कमी करा.

उलटा प्रकार म्हणजे मॅचच्या सकाळी पहिल्यांदाच एनर्जी ड्रिंक. 250 मिलीच्या कॅनमध्ये 75-80 मिलिग्रॅम, हा आकडा काही भयंकर नाही, साध्या कॉफीएवढाच, पण सवय नसलेल्या पोराने दोन कॅन मारले आणि वर टेन्शन, की दोन्ही थरथरी एकमेकींच्या गळ्यात. तेव्हा वेगळं करायला जाऊच नका, तुमची मॅच गेली. आणि 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असताना मध्येच टॉयलेटला पळावं लागलं तर तो वेळ तुमचाच जातो.

कॅफिन बॅन आहे का हे पण सारखं विचारतात. पूर्वी लघवीत मिलिलिटरला 12 मायक्रोग्रॅमच्या वर सापडलं तर डोपिंग धरायचे, 1 जानेवारी 2004 पासून यादीतून काढलंय, वाडा, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था, फक्त नजर ठेवते. मग फायदा होतो का? अमेरिकन नेव्ही सीलच्या ट्रेनिंगमधल्या तीन दिवस न झोपलेल्या सैनिकांवर टेस्ट केली होती, 200-300 मिलिग्रॅमने नेम धरायला वेळ कमी लागला पण अचूकता होती तेवढीच राहिली. तुम्ही रात्री आठ तास झोपून आलात तर त्यातलं तुम्हाला काय मिळणार?

माझं आता एकच, प्रॅक्टिसला जेवढा चहा तेवढाच मॅचला, त्याच वेळेला, घरूनच थर्मासमधून. आणि टेन्शनची थरथर ओळखायला रविवारी आम्ही एक खेळ करतो, दहा शॉट, सगळ्यात कमी स्कोर त्याने सगळ्यांना भाजी-पाव घालायचा. चहा वाढवायचा नाही, तरी नवव्या शॉटला पिस्तूल कसं नाचतं ते बघा. गेल्या रविवारी मीच हरलो, आठ जणांची भाजी-पाव आणि वर मिरच्यांची भजी.