पीसी स्लो झाला की डीफ्रॅग? आधी आत काय आहे ते बघा

"पीसी स्लो झालाय? डीफ्रॅग मार!" हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतोय (डीफ्रॅग म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे पुन्हा सलग मांडणं), आणि देणाऱ्याला समोरच्या मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे की एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह, हेच माहीत नसतं.

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, आत-बाहेर सरकतं. विंडोज डिस्कची जागा क्लस्टरमध्ये वाटतं, साधारण 4 केबीचा एक. फायली डिलीट होत राहतात, मध्ये मध्ये भोकं पडतात, मग एखादी मोठी फाइल आली की ती जागा मिळेल तशी तुकड्यातुकड्यांत बसते.

आता खरी गंमत इथे आहे. 7200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी 8.3 मिलिसेकंदांची. हेड बरोबर ट्रॅकवर (तबकडीवरच्या गोल पट्टीवर) पोचलं तरी हवा तो सेक्टर (त्या पट्टीचा छोटा भाग) खाली येईपर्यंत नुसतं थांबायचं, कधी तो लगेच येतो, कधी नुकताच पुढे गेलेला असतो, म्हणून सरासरी अर्धी फेरी धरा, 4.2. त्याआधी हेड सरकण्यात 8-9 गेलेले असतात. म्हणजे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायच्या एका उडीला 12-13 मिलिसेकंद आणि तेवढ्यात वाचलं किती, तर शून्य! सेकंदाला 150 एमबी वाचणाऱ्या डिस्कवर 100 एमबीची सलग फाइल पाऊण सेकंदाच्या आत येते, तीच हजार ठिकाणी विखुरली तर उड्यांमध्येच 12 सेकंद गेले. पण तुकडाच 64 एमबीचा असेल तर तो वाचायलाच 400 मिलिसेकंद लागतात, त्यात एका उडीचं काय एवढं, म्हणून विंडोजचा डीफ्रॅग एवढ्या मोठ्या तुकड्यांना सहसा हातच लावत नाही.

एसएसडीत हेडच नाही, फिरणारं काही नाही, मग वाट कसली बघायची? शिवाय डेटा नक्की कुठल्या चिपवर ठेवायचा हे आतला कंट्रोलर ठरवतो, त्यामुळे वर दिसणारा "सलग" आत सलग असेलच असं नाही, आणि उगाच पुन्हा पुन्हा लिहिलं की फ्लॅश (त्या चिपांमधली मेमरी) झिजते ती वेगळीच. विंडोज 8 पासूनचं ऑप्टिमाइझ एसएसडीला मुख्यतः ट्रिम पाठवतं, म्हणजे ही जागा आता रिकामी आहे एवढा निरोप, तेवढं पुरतं. "एका क्लिकमध्ये दहापट स्पीड" वाली बूस्टर अ‍ॅप्स म्हणजे ताईत-गंड्यांचा धंदा, फक्त प्रोग्रेस बारसकट.

स्टार्टमध्ये डीफ्रॅग टाइप करा, मीडिया टाइपच्या रकान्यात कुठला ड्राइव्ह काय आहे ते दिसतं. हार्ड डिस्क निघाली तरी विंडोज शेड्यूलवर हे काम आपलं आपण करतं. फक्त डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर डीफ्रॅग बिलकुल नको, मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्तास पळवण्यापेक्षा आधी बॅकअप घ्या.