नेपोलियन कॉर्पोरलचा सम्राट झाला?

‘साधा कॉर्पोरल (सैन्यातला एक खालचा हुद्दा) म्हणून भरती झाला आणि सम्राट झाला’ ही नेपोलियनची गोष्ट भाषणांतून हमखास ऐकू येते. ती खरी नाही. वडिलांनी उमराव कुळाचा पुरावा दिल्यामुळे त्याला राजाच्या खर्चाने लष्करी शिक्षण मिळालं आणि १७८५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो तोफखान्यात थेट सेकंड लेफ्टनंट झाला. व्हॅलान्सच्या रेजिमेंटमध्ये त्याने आधी तोफ डागणारा गोलंदाज, कॉर्पोरल, सार्जंट अशी कामं केली खरी, पण ते नव्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं, हुद्दा नव्हे.

बढती झपाट्याने मिळाली ती फ्रेंच क्रांतीमुळे. उमराव अधिकारी देश सोडून पळाले, जागा रिकाम्या झाल्या. १७९३ मध्ये तुलाँ या फ्रेंच बंदराच्या वेढ्यात तोफखान्याचा प्रमुख जखमी झाला आणि कॅप्टन बोनापार्टकडे सूत्रं आली. तोफांच्या एका मोर्चावर शत्रूचा इतका मारा होई की तिथे उभं राहायला कुणी धजेना. त्याने तिथे पाटी लावली: ‘निर्भय वीरांचा मोर्चा’. मग माणसं कमी पडली नाहीत! (माणसं ओळखण्याची ही हातोटी मला त्याच्या नेमबाजीपेक्षा मोठी वाटते.) शेवटच्या हल्ल्यात मांडीत संगीन घुसली, काही दिवसांतच, चोविसाव्या वर्षी, तो ब्रिगेडियर जनरल झाला.

मग ‘छोटा कॉर्पोरल’ हे नाव? रूढ हकिकतीप्रमाणे ते १७९६ च्या, इटलीतल्या लोदीच्या लढाईतलं. तिथे सरसेनापती असूनही तो स्वतः तोफांचा नेम धरत होता. एरवी ते काम कॉर्पोरलचं.