फळमाश्यांचा विकास: उशीर होणं वेगळं, वेळापत्रक बदलणं वेगळं

‘ड्रोसोफिला व्हिरिलिस या फळमाशीच्या अंड्यातून अळी उशिरा बाहेर येते, म्हणजे इथे हेटेरोक्रोनी झाली.’ या अर्थाची वाक्यं मी इतक्यांदा वाचली आहेत की आता राहवत नाही. हेटेरोक्रोनी म्हणजे उत्क्रांतीत विकासाचं वेळापत्रकच बदलणं. नुसता उशीर म्हणजे हेटेरोक्रोनी नव्हे.

(फळबागेत कीड म्हणून येणारी फळमाशी निराळ्या कुळातली. इथे विषय ड्रोसोफिलाचा.)

आधी वेगाचं गणित: भ्रूण किती वेळात वाढतो हे तापमानावर आणि प्रजातीवर ठरतं. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या भ्रूणाची वाढ २७.५ अंश सेल्सिअसला सुमारे १६ तासांत पुरी होते, १७.५ अंशांना सुमारे ३३ तास लागतात. त्याच १७.५ अंशांना व्हिरिलिस ४६ तास घेते. हा वेगातला फरक, बस.

हेटेरोक्रोनी म्हणजे उत्क्रांतीत एखादी घटना बाकीच्या घटनांच्या मानाने आधी किंवा नंतर सरकणं. गाडी अडते ती ‘बाकीच्या घटनांच्या मानाने’ या शब्दांवर, कारण वाचताना ते गळून जातात.

समजा, एका प्रजातीचा भ्रूण २० तासांत तयार होतो आणि एक विशिष्ट जनुक १०व्या तासाला चालू होतं, म्हणजे बरोबर निम्म्यावर. दुसऱ्या प्रजातीला ३० तास लागतात. तिच्यात तेच जनुक १५व्या तासाला चालू झालं, तर घड्याळात पाच तासांचा उशीर दिसतो, पण तेही निम्म्यावरच. लय संथ झाली, ताल तोच राहिला. आता ते १२व्या तासाला चालू झालं असं धरा. घड्याळात अजूनही दोन तास उशीरच आहे, पण विकासाच्या हिशेबात ते ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं, म्हणजे लवकर झालं! तासांत उशिरा आणि क्रमात लवकर, दोन्ही एकाच वेळी खरं. हे एकदा नीट उमगलं की पुन्हा घोटाळा होत नाही.

आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्रोसोफिलाच्या ११ प्रजातींचे भ्रूण वेगवेगळ्या तापमानांना चित्रित करून ३६ टप्प्यांच्या वेळा नोंदवल्या होत्या. एकूण काळ १३ तासांपासून ४६ तासांपर्यंत बदलला. पण भ्रूणात पेशी वेगळ्या होण्यापासून अळी बाहेर पडेपर्यंतच्या टप्प्यांचं आपसातलं प्रमाण कायम राहिलं. इतका मोठा फरक, तरी त्या टप्प्यांत हेटेरोक्रोनी नाही. मला हा निष्कर्ष फार सुंदर वाटतो आणि नेमका तोच उलटा सांगितला जातो.

खरी हेटेरोक्रोनी बघायची तर डोळ्यांकडे बघा. ड्रोसोफिला मॉरिशियाना आणि ड्रोसोफिला सिम्युलन्स अगदी जवळच्या, पण मॉरिशियानाच्या संयुक्त डोळ्यातल्या नेत्रिका, म्हणजे तो डोळा ज्यांचा बनतो ते छोटे घटक, मोठ्या असतात. डोळा घडत असताना ऑर्थोडेंटिकल हे जनुक तिच्यात सिम्युलन्सपेक्षा आधी चालू होतं आणि नेत्रिकांचा आकार वाढण्याशी या आधी चालू होण्याचा संबंध जोडला गेला आहे. अख्खी माशी घाईत नाही, एकच दुवा पुढे सरकला आहे.

म्हणून हेटेरोक्रोनी दाखवणारा आलेख समोर आला, की त्याचा आडवा अक्ष आधी तपासा. तिथे नुसते तास असतील आणि तुलनेला दुसरा एकही टप्पा नसेल, तर त्यावरून हेटेरोक्रोनीचा दावा मी तरी मान्य करणार नाही.