थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला निघताय? वर्क परमिटचं आधी समजून घ्या

थायलंडमधल्या लहान खासगी शाळा इंग्रजी शिक्षकांना सर्रास सांगतात, "आधी या, कागदपत्रं इथे आल्यावर करू." हे ऐकून विमानात बसू नका. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर वर्ग घेणं तिथे बेकायदा आहे. परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाट दंड, हद्दपारी, आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही.

बरोबर क्रम असा. नोकरी पक्की झाली की शाळा करारपत्र आणि स्वतःच्या नोंदणीचे कागद पाठवते. त्यावर तुम्ही इथूनच नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा काढता. त्यावर ९० दिवस राहता येतं. तिथे पोहोचल्यावर शाळा कामगार मंत्रालयाच्या रोजगार विभागात परमिटचा अर्ज करते, मग इमिग्रेशन मुक्काम वर्षापर्यंत वाढवून देतं (फी १,९०० बाट). म्हणजे परमिट शाळेच्या भरवशावर मिळतं. शाळा कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर ती नोकरी सोडून द्या. थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने आपल्या मुलांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार घडले आहेत, त्यामुळे शाळेची खातरजमा आधी करा.

पात्रतेत पहिली अट पदवी, कोणत्याही शाखेची. टेफलचा, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा कोर्स शाळांना आवडतो, पण तो पदवीची जागा घेत नाही. भारतीय पासपोर्टधारकांना इंग्रजी मातृभाषिक धरत नाहीत, मग शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात झालेलं असलं तरी. म्हणून टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, साधारण ६०० च्या पुढे. नियमित शाळेत शिकवायचं तर 'खुरुसपा' या शिक्षक परिषदेचा परवानाही लागतो. बी.एड. असेल तर मोठा आधार. नसेल तर शाळा दोन वर्षांची तात्पुरती परवानगी मागू शकते. खासगी भाषावर्गांना हा परवाना लागत नाही, वर्क परमिट मात्र लागतंच.

आता कागदपत्रं. आपल्याकडच्या लोकांचं घोडं अडतं ते इथेच. पदवीचं मूळ प्रमाणपत्र हवं, प्रोव्हिजनल चालत नाही. पदवीदानाला गेला नसाल तर आजच विद्यापीठात अर्ज करा. गुणपत्रिका सगळ्या सत्रांच्या. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा पोर्टलवरून. पदवीवर आधी राज्य सरकारचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण आणि शेवटी थाई दूतावासाची मोहोर असा प्रवास असतो. एजंटला पैसे देण्याआधी नेमके कोणते शिक्के हवेत, ते शाळेकडून लेखी घ्या.

नावाचा घोळ सगळ्यात त्रासदायक. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर दोन्हीकडे आडनावच निराळं. थाई कारकुनाला हे एकाच माणसाचे कागद वाटत नाहीत. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवाच.

पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का आहे का, हेही बघा. तो असेल तर काही ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. थायलंड त्या यादीतला देश आहे. दहावीचं प्रमाणपत्र न दाखवता काढलेल्या पासपोर्टवर तो राहून जाऊ शकतो. ते दाखवून नॉन-ईसीआर, म्हणजे शिक्क्याविना, करून घ्या.

वैद्यकीय दाखला मात्र तिथल्याच डॉक्टरचा घ्या. क्षय, कुष्ठरोग, हत्तीपाय, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस, दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन नसल्याचं त्यावर लिहिलेलं असतं. साध्या दवाखान्यातही मिळतो.

परमिट त्याच शाळेपुरतं असतं. संध्याकाळी दुसरीकडे शिकवणी घ्यायची तर त्या जागेचीही नोंद करून घ्या. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. आणि दिवाळीला घरी येणार असाल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढा, एका फेरीला १,००० बाट, अनेक फेऱ्यांना ३,८००. ते न काढता देश सोडलात तर वाढवून घेतलेला मुक्काम रद्द होतो आणि व्हिसापासून सगळं पुन्हा करावं लागतं.