अमेरिकेतला ‘अपक्ष’ आणि चाचण्यांचा चकवा

आपल्याकडे अपक्ष म्हटलं की उमेदवार डोळ्यांपुढे येतो, निकालानंतर ज्याचा भाव वधारतो तो. अमेरिकेत अपक्ष असतो तो मतदार. तिथे बऱ्याच राज्यांत नाव नोंदवतानाच पक्ष सांगता येतो. न्यू हॅम्पशायरमध्ये तो न सांगणारा ‘अनडिक्लेअर्ड’. प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानाच्या, दिवशी दोन्हींपैकी कुठल्याही पक्षाची मतपत्रिका तो मागू शकतो.

चाचण्यांतला अपक्ष मात्र या नोंदणीतून येत नाही, एका प्रश्नातून येतो. मिशिगन विद्यापीठाचे संशोधक तो १९५२ पासून विचारत आले: तुम्ही स्वतःला काय समजता, रिपब्लिकन, डेमोक्रॅट, अपक्ष की आणखी काही? ‘अपक्ष’ म्हणणाऱ्याला मग विचारायचं, त्यातल्या त्यात जवळचा पक्ष कोणता? इथे बहुतेक जण कुठल्या तरी बाजूला कलतात, आणि मत देताना जवळपास पक्षवाल्यांसारखेच वागतात. गॅलप या चाचणी संस्थेच्या आकड्यांत २०१४ मध्ये ४३ टक्के लोक अपक्ष होते. पण खरोखर तळ्यात-मळ्यात असणारा एकूण लोकांत दहात एखादाच, आणि तेही मतदानाला कमीच जातात.

हे विसरल्याने २०१२ मध्ये मोठा घोळ झाला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी कित्येक चाचण्यांत अपक्षांमध्ये रिपब्लिकन रॉम्नी पुढे, एकूणात डेमोक्रॅट ओबामा पुढे. रिपब्लिकन गोटातून ओरड सुरू झाली की नमुन्यात डेमोक्रॅटच जास्त घेतलेत. काहींनी पक्षांचं प्रमाण ‘सुधारून’ आकडे नव्याने मांडले आणि रॉम्नींना जिंकवूनही टाकलं. पण पक्ष म्हणजे वय किंवा लिंग नव्हे, की जनगणनेशी ताडून पाहावं. टी पार्टी या कट्टर उजव्या चळवळीच्या लाटेत पक्षावर रुसलेले अनेक रिपब्लिकन स्वतःला अपक्ष म्हणवू लागले होते. मत ते रॉम्नींनाच देणार होते. एक्झिट पोलमध्ये अपक्षांत रॉम्नी ५०, ओबामा ४५. निकालात ओबामा ५१, रॉम्नी ४७. (२००४ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार केरींचंही तेच झालं होतं: अपक्षांत निसटती आघाडी, निवडणुकीत हार.)

२०१६ मध्ये चूक वेगळी निघाली. अनेक राज्यांतल्या चाचण्यांत पदवीधर जास्त आले होते आणि शिक्षणानुसार वेटेज दिलंच नव्हतं, म्हणजे जास्त आलेल्या गटाच्या उत्तरांचं वजन कमी केलंच नव्हतं. आता काही संस्था ‘मागच्या खेपेला मत कुणाला दिलंत?’ हेही विचारून वेटेज ठरवतात. त्यातही गंमत आहेच: जो जिंकला त्यालाच दिलं होतं, असं सांगणारे प्रत्यक्ष मतांपेक्षा जास्त भरतात.