बेलिफ, जप्ती आणि दख्खनचा अनुभव

पैशाच्या दाव्यात हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा न्यायालयाचा अंतिम आदेश, झाला म्हणजे पैसे हातात आले असे होत नाही. धनकोला, म्हणजे पैसे येणे असलेल्याला, त्यासाठी वेगळी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते, तिच्यावर जप्तीचे वॉरंट निघते, ते नाझराकडे, म्हणजे बजावणीचे काम पाहणाऱ्या न्यायालयीन अधिकाऱ्याकडे, जाते आणि नाझर ते बेलिफाच्या हाती देतो. एरवी समन्स व नोटिसा बजावणारा हा कर्मचारी न्यायालयाचा निकाल प्रत्यक्ष कोणाच्या तरी उंबरठ्याच्या आत नेतो. तिथे त्याने काय उचलावे आणि कशाला हात लावू नये, याचे नियम वाचायला कोरडे वाटतात. परंतु तसे नियम नसले तर काय होते, हे याच मुलखाने एकदा पाहिले आहे.

पेशवाईत कर्जवसुलीचा मुख्य मार्ग तगादा हा होता. सावकार ऋणकोच्या (कर्जदाराच्या) दारात माणूस बसवी, स्वतः धरणे धरी, प्रसंगी त्याला घराबाहेर पडू देत नसे. हा प्रकार क्रूर होता, यात शंका नाही; पण सावकाराला त्याच गावात राहायचे असल्यामुळे गावाच्या मताची काही मर्यादा त्याच्यावर राही. 1859 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनंतर वसुली न्यायालयाकडे गेली आणि गावाचे हे वजन उरले नाही. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करण्याचा काळ तीन वर्षांवर आणला. हेतू ऋणकोच्या हिताचा होता, परिणाम मात्र उलटा झाला: दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. समन्सचा अर्थ न कळलेला किंवा ते न पोहोचलेला शेतकरी न्यायालयात हजर राहत नसे, हुकूमनामा एकतर्फी होई आणि त्याला दाव्याची खरी जाणीव अनेकदा जप्ती दारात आल्यावरच होई.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव 1865 नंतर कोसळले, सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. 1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर ऋणकोचे घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. पुढे 12 मे 1875 रोजी सुपे येथे उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः रोखे आणि हुकूमनामे यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. ज्या कागदाच्या आधारे जप्ती येते तोच नष्ट करावा, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो, आणि म्हणूनच या उठावाला निव्वळ दंगल म्हणणे मला अपुरे वाटते.

चौकशी आयोगानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले आणि खास गहाण नसलेल्या जमिनीला जप्तीपासून संरक्षण मिळाले. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

सर्वसाधारण दिवाणी प्रक्रिया संहितेतही जप्तीमुक्त वस्तूंची यादी तयार झाली, आणि आज लागू असलेल्या 1908 च्या संहितेच्या कलम 60 मध्ये ती सविस्तर आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गरजेपुरती गुरे व बियाणे आणि तो राहतो ते घर, ही सर्व जप्तीबाहेर आहेत. धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही त्यात येतात. मंगळसूत्र हे आपल्याकडचे सर्वांत परिचित उदाहरण. कलम 62 प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. बाहेरचे दार तोडायचे तर घर ऋणकोच्या ताब्यात असले पाहिजे आणि त्याने आत येऊ देण्यास नकार दिलेला असला पाहिजे. स्थावर मिळकतीची जप्ती दवंडी देऊन आणि हुकमाची प्रत मिळकतीवर व न्यायालयात चिकटवून जाहीर होते.

हुकूमनाम्याचे पैसे न दिल्यास ऋणकोला तुरुंगात ठेवण्याची, म्हणजे दिवाणी कैदेची, तरतूद अजून आहे, मात्र पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. ऐपत असूनही अप्रामाणिकपणे पैसे न देणारा आणि खरोखर नादार झालेला यांत भेद केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले.

धनकोची तक्रारही तितकीच जुनी आणि खरी आहे. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1872 मध्येच नोंदवले होते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये सांगावे लागले.

बँकांसाठी 1993 मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणांचा कायदा झाला, तर 2002 च्या सरफेसी कायद्याने तारण मिळकतीचा ताबा दाव्याविना घेण्याची वाट मोकळी केली. याच काळात वसुली एजंट घरोघरी दिसू लागले आणि लोक त्यांनाही बेलिफ समजू लागले. एजंट हा बँकेने नेमलेला माणूस असतो, त्याला घरातील वस्तू जप्त करण्याचा अधिकार नाही. बेलिफाच्या वॉरंटवर न्यायालयाचा शिक्का, सही आणि अंमलाची शेवटची तारीख असते. अंमल कधी व कसा झाला, किंवा का झाला नाही, हे त्यावर लिहून त्याला ते न्यायालयात परत करावे लागते.