चल लष्करी उपग्रह संदेशवहन जाळे

धावती वाहने, युद्धनौका, विमाने आणि पाठीवर संच घेतलेले सैनिक यांना उपग्रहामार्फत जोडून ठेवणारी व्यवस्था. गाडी थांबवून, तबकडी उभारून बोलणे हा वेगळा प्रकार. येथे अँटेना हलत असतानाच दुवा टिकवायचा असतो. भारतात नौदलासाठी जीसॅट-७ (रुक्मिणी) ३० ऑगस्ट २०१३ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून, तर हवाई दलासाठी जीसॅट-७ए १९ डिसेंबर २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला.

आराखडा कंप्रता-पट्ट्यापासून सुरू होतो. कमी कंप्रतेच्या यूएचएफ पट्ट्यातील लहरी झाडीतून बऱ्यापैकी जातात आणि त्यांना साधी अँटेना पुरते. पण वाहिनी बहुधा ५ किंवा २५ किलोहर्ट्‌झची, म्हणजे बोलणे आणि थोडाफार मजकूर. त्याहून बऱ्याच उच्च कंप्रतेच्या केयू पट्ट्यात व्हिडिओही जातो, मात्र मुसळधार पावसात दुवा ढासळतो, म्हणून काही डेसिबल (संकेताची ताकद मोजण्याचे एकक) राखीव ठेवावे लागतात. भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहापर्यंत १४ गिगाहर्ट्‌झला सुमारे २०७ डेसिबल घट होतेच. वाहनावरच्या छोट्या अँटेनाजवळ उधळायला फारसे काही उरत नाही.

खरी अडचण याच छोट्या अँटेनाची. ४५ सेंमी व्यासाच्या अँटेनाची शलाका, म्हणजे लहरींचा झोत, १४ गिगाहर्ट्‌झला साधारण ३.३ अंश रुंद होते आणि शेजारचा उपग्रह अनेकदा दोन-तीन अंशांवरच असतो. त्याला त्रास होऊ नये म्हणून संकेत रुंद पट्ट्यात पसरवतात. किंमत मोजावी लागते ती डेटाच्या वेगात. नागरी वाहनांसाठीच्या अमेरिकी नियमांत पूर्वी असलेली मर्यादा चांगला मापदंड आहे: दिशाचूक ०.२ अंशाच्या आत, ०.५ अंश ओलांडल्यास १०० मिलिसेकंदांत प्रक्षेपण बंद.

उपग्रह डोक्यावर असला की काम सोपे, हा समज नौकेवर फसवा ठरतो. लक्षद्वीपमधील कवरत्तीजवळ ७४ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ७७ अंश वर दिसतो. नौका १५ अंश कलली की तो डेकच्या लंबरेषेच्या पलीकडे जातो. अँटेना आडवी आणि उभी फिरवणाऱ्या दोन अक्षांच्या चौकटीला पाठलाग करण्यासाठी क्षणात जवळजवळ अर्धे वर्तुळ गरगरावे लागते, मोटर मागे पडते आणि दुवा तुटतो. त्यासाठी तिसरा अक्ष लागतो. न हलता शलाका वळवणाऱ्या चपट्या इलेक्ट्रॉनिक अँटेनाचे उलटे: माथ्यावर ती उत्तम चालते, पण शलाका ६० अंश तिरपी केली की निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ती जाते.

पूल, बोगदा, इमारत आडवी आली की दुवा जाणारच. अँटेना उपग्रह पटकन शोधते, पण मोडेमला हबशी (जाळे चालवणाऱ्या जमिनीवरील मध्यवर्ती केंद्राशी) पुन्हा नोंदणी करायला अधिक वेळ लागतो. म्हणून दुवा थोडा वेळच तुटला तर नोंदणीचे सत्र जिवंत ठेवतात. राउटरची वेळमापनेही तपासावीत. मार्ग ठरवणाऱ्या ओएसपीएफ या नियमावलीचा, शेजारी बंद पडला असे मानण्याचा नेहमीचा ४० सेकंदांचा अवधी तसाच ठेवला तर तेवढा वेळ डेटाची पाकिटे मेलेल्या वाटेवर जात राहतात. फार कमी केला तर प्रत्येक पुलाखाली साऱ्या जाळ्याचे मार्ग नव्याने मोजले जातात. हेलिकॉप्टरवर पाती ठराविक तालात आड येतात, तिथे तोच डेटा दोनदा पाठवणे किंवा विखरून पाठवणे उपयोगी पडते.

हबमार्गे दोन वाहने बोलली की आवाज दोनदा वर-खाली जातो आणि एका दिशेलाच अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंब होतो. थेट मेश जोडणीत (हबशिवाय वाहन ते वाहन) तो निम्मा होतो, पण मोठी अँटेना किंवा जास्त शक्ती लागते. टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवण्याची पद्धत) या विलंबाने मंदावते; तिचा वेगवर्धक कूटलेखनाच्या आधी, सुरक्षित बाजूला बसवावा. नंतर बसवल्यास त्याला टीसीपी शीर्षेच दिसत नाहीत आणि तो निरुपयोगी ठरतो.

शत्रू जीपीएस जाम करील हे गृहीत धरावे. दिशा आणि वेळ दोन्ही त्यावर अवलंबून असतील तर उपग्रह शाबूत असूनही जाळे बसते. बाहेरच्या संकेताशिवाय हालचाल मोजणारे जडत्वीय संवेदक आणि स्थिर घड्याळ त्यासाठीच. हबही तितकाच नाजूक असतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युरोपला इंटरनेट पुरवणाऱ्या केए-सॅट उपग्रहाच्या जमिनीवरील व्यवस्थापन जाळ्यात शिरून हल्लेखोरांनी हजारो मोडेम निकामी केले. उपग्रहाला धक्काही लागला नाही. म्हणून दुसरा हब दुसऱ्या गावी, वेगळ्या व्यवस्थापन जाळ्यावर ठेवतात आणि युनिटला उपग्रहाशिवाय दूरवर बोलणाऱ्या एचएफ रेडिओचा सरावही देतात.